जीपला काय बसवावे आणि काय बसवू नये

अनुभव लिहिणारा माणूस निवृत्त तरी झालेला असावा, नाहीतर नामांकित तरी. मी दोन्ही नाही. सकाळी मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाच्या वर्गात बसतो आणि दुपारपासून रत्नागिरीतल्या एका गॅरेजमध्ये जीपगाड्यांचे काम करतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि दिवाळी अंकासाठी कागद पुढे घेऊन बसलेला तर नक्कीच पहिला. त्यामुळे कुठून सुरू करावे आणि कुठे थांबावे याचा मला अंदाज नाही. मराठीच्या सरांनी सांगितले, "तुला रोज जे दिसते ते लिही." मला रोज गाड्यांची पोटे दिसतात. वाचकांना त्यात गोडी वाटली नाही तर दोष माझा समजावा. सरांनी चांगल्या मनाने सांगितले होते.

शाळा संपली तसा मी गॅरेजला लागलो. काही वर्षांनी धीर करून कॉलेजात नाव घातले. तेव्हापासून गॅरेजचे मालक दाऊदचाचा मला नावाने हाक मारत नाहीत. "ए कॉलेज, जॅक आण," असे म्हणतात. वर्गात मात्र माझ्या हातांना ऑइलचा वास येतो म्हणून मी मागच्या बाकावर बसतो. दोन्हीकडे मी थोडा उपराच. असो, हा विषय नाही.

आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक जीप मिलिटरीने काढून टाकलेल्या, लिलावात घेतलेल्या असतात. आखूड, उघडी, हलकी गाडी. हिच्या चारही चाकांना जोर देता येतो, म्हणून जिथे डांबर संपते तिथे हिचे काम सुरू होते. आमच्याकडे डांबर लवकर संपते. सड्यावरच्या, म्हणजे कातळी माळावरच्या, आंब्याच्या बागा, चिरेखाणी, खाडीकाठचे धक्के, सगळीकडे शेवटचा तुकडा कातळाचा किंवा चिखलाचा. म्हणून लोक जीप घेतात, आणि घेतली की दुसऱ्याच दिवशी तिला काहीतरी बसवायचे असते.

आमचे काम बसवण्याचे, असे लोकांना वाटते. खरे काम 'हे बसवू नका' असे सांगण्याचे आहे, आणि तेच फार थकवते. पाना फिरवून हात दुखतात, पण ते झोपेने बरे होतात. दिवसभर नको नको म्हणून येणारा थकवा दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गातही सोबत असतो.

बाहेरच्या माणसाला समजावे म्हणून एकच उदाहरण देतो. जीपचे मूळ इंजिन पेट्रोलचे. ते फार पेट्रोल पिते, म्हणून मालक म्हणतो, डिझेलचे इंजिन टाका. डिझेलचे इंजिन जड. ते टाकले की गाडीचे नाक खाली बसते, म्हणून पुढच्या कमानींना जास्तीचे पाटे घालावे लागतात. पाटे वाढले की गाडी दगडावरून उडी मारते. वजन वाढले म्हणून ब्रेक अपुरे पडतात. एका कामाच्या पाठीमागून अशी कामांची वरात येते, आणि वरातीतल्या शेवटच्या माणसाला, म्हणजे ब्रेकला, कुणी जेवायला विचारत नाही. दाऊदचाचांचे म्हणणे असे की गाडीने आधी थांबायला शिकावे, मग चालायला, आणि नटायचे असेल तर मग नटावे. गिऱ्हाईक नेमके उलट्या बाजूने येते.

एक वकीलसाहेब होते. स्वतःची बाग, स्वतःची जीप. त्यांना दिव्यांची हौस.

"पुढे किती दिवे बसतील?" त्यांनी विचारले.

"बसतील पुष्कळ," मी म्हणालो. "पेटतील किती, ते डायनॅमोला विचारावे लागेल."

त्यांना ते आवडले नाही. त्यांनी दुसरीकडून बंपरवर, काचेवर, मडगार्डवर दिवे लावून घेतले. सगळे एकदम लावले की बॅटरी उतरायची आणि गाडी बंद. शेवटी ढकलत आमच्या दारात आली. साहेब म्हणाले, "पण गाडी रुबाबदार दिसते की नाही?"

"दिसते तर," चाचा म्हणाले. "म्हणून म्हणतो, उभीच ठेवा."

दुसरे एक गृहस्थ आरे-वारेच्या बाजूचे. त्यांचे नारळ किनाऱ्याने आणायचे असत आणि कोरड्या वाळूत गाडी रुतायची. मुंबईहून रुंद टायर मागवू का, असे विचारायला आले. मी त्यांच्याबरोबर वाळूवर गेलो आणि चारही टायरांतली हवा कमी केली. टायर खाली पसरले, गाडी चालू लागली. त्यांचा चेहरा पडला.

"एवढंच?"

"एवढंच. रस्त्यावर आलात की पुन्हा हवा भरा."

"म्हणजे तुम्ही बसवलं काहीच नाही."

जाताना ते चाचांना म्हणाले, तुमच्या या पोऱ्याला धंदा कळत नाही. मग रुंद टायर आलेच. ते मडगार्डला घासायला लागले, म्हणून मडगार्ड कापावे लागले. ते मीच कापले. कापताना काही बोललो नाही. बोलून कंटाळा आला होता.

हे सगळे हसण्यावारी नेता येते. वकीलसाहेब घरी चालत गेले असते तरी काही बिघडत नव्हते. पुढचे काम तसे नव्हते.

गेल्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला सखारामभाऊ गॅरेजमध्ये आले. राजापूरहून आत त्यांचे गाव. गावाचे नाव लिहीत नाही, कारण मी कुणाला विचारलेले नाही. भाऊ मुंबईला गिरणीच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. गिरणी बंद पडल्यावर गावी परतले. गावच्या मुंबईतल्या मंडळाने लिलावातून एक जीप घेतली होती आणि ती भाऊ चालवणार होते.

जीप कशासाठी, ते त्यांनी बाकावर बसून सांगितले. त्यांचे गाव आणि रस्ता यांच्यामध्ये एक पऱ्या, म्हणजे ओढा, आहे. उन्हाळ्यात त्यात पाय भिजत नाही, पावसाळ्यात तो भरला की गाव पलीकडे राहते. वरच्या अंगाला पोफळीच्या खोडांचा साकव आहे, पण त्यावरून एकटा माणूस तोल सांभाळत जाईल एवढाच. आजाऱ्याची डोली जात नाही. आदल्या श्रावणात गावची एक लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. अडली. तिची डोली पऱ्याच्या काठावर ठेवून लोक पाणी उतरायची वाट बघत बसले. पाणी उतरेपर्यंत मूल गेले. ती कशीबशी वाचली.

"आनि औंदा माझ्या कुसुमचं हाय," भाऊ म्हणाले. "श्रावनातच."

कुसुम त्यांची धाकटी. जयगडला दिलेली. जावई अनंत होडीवर खलाशी.

"सासरीच ठेवली तर?" मी भीत भीत विचारले.

"पयलं बाळंतपन सासरी? लोकांचं सोडा, तिची आये मला घरात घेनार नाय. आनि तिकडं सासू नाय. करनार कोन?"

पऱ्यातून जीप नेणे म्हणजे काय, तेही सांगतो. पाणी जीपला समोरून बंद पाडते आणि मागून मारते. समोरचा पंखा पाणी उडवून इंजिनच्या तारांवर मारतो, म्हणून पाण्यात शिरण्यापूर्वी पंख्याचा पट्टा काढायचा. ब्रेक भिजले की धरत नाहीत, आणि पऱ्यापुढे राजापूरच्या वाटेवर उताराचा घाट आहे, म्हणून बाहेर आल्यावर ब्रेक हलके दाबत त्यांना वाळवायचे. आणि चाकांमधला जो लोखंडी आस असतो, तो चालून तापलेला असतो. थंड पाण्यात गेला की एका लहानशा भोकातून पाणी आत ओढतो. त्या दिवशी काही कळत नाही. पुढे केव्हातरी आतले गिअर गंजून मोडतात. उपाय म्हणजे त्या भोकाला एक नळी जोडून ती वर, सीटच्या उंचीवर नेऊन बांधणे. बोटाएवढी नळी. ती कुणाला दिसत नाही.

मी भाऊंना म्हणालो, ब्रेक नवे करू, नळ्या बसवू, वर कापडी हूड ठेवू, एवढे पुरे. भाऊ म्हणाले, "मला सांगून काय उपेग? गावाला सांगा."

म्हणून एका रविवारी मी त्यांच्या गावी गेलो. देवळात गावकी भरली होती. मुंबईहून मंडळाचे सेक्रेटरी वसंतराव आले होते. तिथे मला एक गोष्ट कळली, जी कुठल्याही गॅरेजमध्ये कळली नसती. त्या गावात कुठलीही वस्तू एखादी वाडी देते आणि तिच्यावर त्या वाडीचे नाव असते. देवळातल्या घंटेवर नाव, समईवर नाव, पाण्याच्या टाकीवर नाव. जीपचेही तसेच ठरले होते. वरच्या वाडीने टायर घेतले होते आणि टायरवर पांढऱ्या रंगाने नाव घालता येईल का, असे मला विचारले. चिखलात दिसणार नाही, असे मी सांगितल्यावर ते नाराज झाले. वसंतरावांच्या मनात चारी बाजूंनी बंद अशी लोखंडी बॉडी होती. दोन्ही अंगांना भरपूर जागा, सगळ्यांची नावे येतील.

मी उभा राहून म्हणालो, "बंद बॉडी नको. उघड्या गाडीतून पाणी आरपार जातं. बंद गाडीला ते ढकलतं."

"आमचा पाऊस बघितलाय का तुम्ही?" वसंतराव म्हणाले. "बाळंतीण भिजेल."

"भिजणं परवडेल," मी म्हणालो.

खालच्या वाडीला विंच द्यायचा होता. तो जावई अनंतने सुचवलेला. जयगडला होड्या किनाऱ्यावर ओढायचे हाताने फिरवायचे विंच असतात, त्यातला एक जुना मिळत होता. दोन्हींचे वजन गाडीला झेपणारे नव्हते, म्हणून बॉडी की विंच यावर दोन्ही बाजू हट्टाला पेटल्या, तेव्हा म्हातारे म्हणाले, देवाला कौल लावा.

गुरव देवाला कळे लावायला, म्हणजे मूर्तीवर फुलांच्या कळ्या चिकटवायला, बसले आणि मध्येच माझ्याकडे वळले. "मिस्त्री, विंच म्हंजे काय सांगू देवाला?"

"दोर गुंडाळायचं यंत्र."

"यंत्र नको. देव इचार करत बसंल. दोर सांगतो. आनि ती दुसरी?"

"बॉडी. म्हणजे लोखंडाची पेटी."

"पेटी बरी," म्हणून त्यांनी गाऱ्हाणे घातले. बराच वेळ काही पडले नाही. मग दोराचा कळा उजवीकडून पडला, म्हणजे देवाने दोराला होकार दिला. देवापुढे सेक्रेटरी काय बोलणार?

पण माझी अडचण संपली नव्हती. जड विंच गाडीच्या नाकावर बसवला तर नाक पाण्यात, आणि भर पऱ्यात उभे राहून तो फिरवणार कोण? मी म्हणालो, विंच गाडीला बसवूच नका. रस्त्याच्या बाजूच्या काठावर कातळात खुंट रोवा आणि त्याला बसवा. गाडी गावाच्या काठावरून दोर बांधून पाण्यात उतरेल.

खालची वाडी उठली. "मंग आमचं नाव गाडीवर कसं येनार?"

तेव्हा गुरवच म्हणाले, "देवानं दोर सांगितलाय. कुठं बांधायचा ते नाय सांगितलं. गप बसा."

नंतर मी ब्रेकचा आणि नळ्यांचा विषय काढला. कुणी विरोध केला नाही. कुणी हो पण म्हटले नाही. ब्रेक चाकाच्या आत, नळी गाडीच्या खाली. तिथे नाव कोण वाचणार? प्रत्येक वाडी दुसरीकडे बघत राहिली. मी दोनदा सांगितले, ब्रेकशिवाय बाकीचे सगळे फुकट आहे. मग खाली बसलो. मला खरोखर घरी जावेसे वाटत होते.

खांबाच्या मागे बायका बसल्या होत्या. त्यांच्यातून एक म्हातारी बोलली. सगळे गाव तिला आत्या म्हणते. ती गावची लेक, नवरा गेल्यावर माहेरी येऊन राहिलेली.

"बिरेक आमी देतो."

"आमी म्हंजे कोन?" एकाने विचारले.

"गावच्या लेकी. दिल्या घरच्या सगळ्यांकडं निरोप धाडते."

"आत्ये, तुमची वाडी कंची धरायची?"

"वाडी नाय म्हनून तर देतो."

"आनि नाव काय घालायचं?"

"नाव नको. लगीन झालं तवाच आमचं नाव बदललं. त्यातलं कंचं घालनार?"

पुरुष हसले. बायका हसल्या नाहीत.

काम मी मनापासून केले. ब्रेकचे लायनर नवे, ड्रम घासून गोल केलेले, नळ्या दोन्ही आसांना. माझे वडील चिरेखाणीवर असतात. त्यांना घेऊन मी पुन्हा गेलो, आणि खुंटासाठी कातळ कुठे पक्का आहे ते त्यांनी टाकीने ठोकून, आवाज ऐकून सांगितले. भाऊंना मी पट्टा काढण्यापासून ब्रेक वाळवण्यापर्यंत सगळे पुन्हा पुन्हा म्हणायला लावले. "विंच फिरवायला दोन दांडगी माणसं लागतील," असे बजावले. कोरड्या पऱ्यात गाडी दोनदा ओढून पाहिली. कोरड्या पऱ्यात सगळ्याच गाड्या चांगल्या चालतात.

मग पाऊस लागला आणि गाव पलीकडे गेले.

त्या दिवसांत माझे वर्गात लक्ष नव्हते. सर फळ्यावर लिहीत आणि मी मनातल्या मनात ब्रेकचे नट आवळत असे. राजापूर गाडीचा कंडक्टर ओळखीचा होता. त्याला स्टँडवर गाठून विचारायचो. "पऱ्या भरलाय म्हणतात," एवढेच तो सांगायचा. श्रावण गेला. गणपती आले, गेले. वाईट बातमी पायाला चाके लावून येते म्हणतात, म्हणून मी काही दिवस स्वतःची समजूत घातली. पण भरल्या पऱ्यातून वाईट बातमीलासुद्धा येता येत नाही, हे मला ठाऊक होते. चाचा एकदा म्हणाले, "तू गाडी बनवलीस. पाणी तू बनवलं नाहीस. जेव." जेवलो. कामेही केली. एका बागायतदाराच्या जीपला दोन भोंगे बसवले, नको असे एकदाही म्हणालो नाही.

नवरात्रात एका दुपारी चिऱ्याचा ट्रक गॅरेजसमोर थांबला. मागे दोरखंडाने बांधलेली ती जीप. ट्रकमधून अनंत उतरला. दाढी वाढलेली, डोळे लाल. जयगडहून दोन एस.टी. बदलून सासरी गेलेल्या आणि तिथून ट्रकमध्ये बसून आलेल्या माणसाचा चेहरा असा असतो, आणि दुसऱ्याही कारणाने असा असतो. मला ओळखता येईना. मी त्याला पाणी दिले आणि गाडीखाली शिरलो.

"इंजिन बंद पडलं होतं?" मी खालून विचारले.

"मधोमध."

"पट्टा काढला होता ना?"

"मामांनी काढलेला," तो सासऱ्यांबद्दल म्हणाला. "पर पानीच येवढं आलं, पट्ट्याचं काय घेऊन बसलात."

"गाडी सरकली?"

"थोडी. पानी आरपार जात व्हतं. कुसुम मागं इरलं धरून. पाय सीटवर घेतलेले, तरी भिजली."

"मग विंच?"

"दोर बांधलेलाच व्हता."

"फिरवला कुणी? दोन दांडगी माणसं सांगितली होती मी."

"श्रावनात गावात दांडगी मानसं?" तो पहिल्यांदा जरासा हसल्यासारखा वाटला. "दांडगी सगळी मुंबयला. मी जयगडला. बायका गेल्या साकवावरनं येक येक करून, लुगडी खोचून. आत्या पुढं. म्हनली, बिरेक आमचे हायत, तर गाडी पन आमीच वढतो. पाळी लावून फिरवला."

मी आसाचे झाकण उघडले. तेल स्वच्छ होते. मी ते बोटाला लावून उगाच बघत राहिलो.

"इंजिन परत चालू झालं?"

"काठावर येऊन पुसलं, सुकवलं. झालं."

"आणि घाटात? ब्रेक?"

"पयल्या वळनावर नाय लागले. मामा तुमी सांगितलंत तसे पाय दाबत राहिले. दुसऱ्याला लागले. आता मात्र घासतायत, म्हनून आनली."

"नळ्या कुठे निखळल्या का?"

शेजारच्या गाडीखालून दाऊदचाचांचा आवाज आला. "अरे कॉलेज, नळीचं काय विचारतोस? पोरीचं विचार."

मी गाडीखालून बाहेर आलो, पण मला विचारवेना. चिंधीने हात पुसत उभा राहिलो. चाचाही बाहेर आले होते.

अनंतने तांब्यातले उरलेले पाणी तोंडावर मारले आणि पंच्याने चेहरा पुसला.

"मुलगी झाली. राजापूरला, दवाखान्यात पोचल्यावर. दोघी बऱ्या हायत," तो म्हणाला. "दिवाळीच्या आत गाडी द्या, मिस्त्री. त्यांना जयगडला न्यायचंय."